द्राक्षबागेच्या मागचं फाटक

हे, म्हणजे माझे यजमान, डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, ती घरीही सुटली नाही. आज भाजी कोणती, एवढं विचारलं तरी शेजारच्या फ्लॅटमध्ये कळायचं. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना एका सकाळी दाढी करताकरता ते बेसिनपाशी कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडातून शब्द येत नव्हता.

उजवा हात आणि पाय हळूहळू बऱ्यापैकी परत आले. काठी घेऊन, पाय जरा ओढत, चालता यायला लागलं. बोलणं आलं नाही. कळायचं सगळं. टीव्हीवर कोणी मूर्खासारखं बोललं की कपाळाला हात लावायचे. पण स्वतः बोलायला गेले की एकच शब्द बाहेर पडायचा, ‘तेच’. चहा हवा असला तरी तेच, नको असला तरी तेच. स्वर बदलायचा, शब्द नाही. आणखी एक गोष्ट शाबूत राहिली होती, ती म्हणजे शिव्या. फार चिडले की कारखान्यातल्या सगळ्या शिव्या खणखणीत यायच्या, एक अक्षर इकडचं तिकडे न होता. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, असं होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी कशाला लावून घेते? पहिली शिवी ऐकली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते, कारण इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला होता.

सुरुवातीला माणसं येत होती. कारखान्यातले मित्र यायचे, हवापाण्याचं बोलायचे, हे ‘तेच, तेच’ म्हणायचे, मग दोन्हीकडून शांतता व्हायची. मी मध्ये पडून दोन्ही बाजूंचं बोलून टाकायची. पुढे येणं कमी झालं. ह्यांनीही खाली उतरणं सोडलं. थेरपीच्या चित्रांची कार्डं एकदा भिरकावून दिली आणि त्यानंतर त्या बाई आल्या की डोळे मिटून पडायचे. दिवसभर खुर्ची भिंतीकडे करून बसत. मी विचारायचे, खिडकीकडे फिरवू का? उत्तर नाही. आताशा ‘तेच’सुद्धा कमी झालं होतं. घरात दोन माणसं असून मला दिवसचे दिवस फक्त मिक्सरचा, नळाचा आणि माझाच आवाज ऐकू यायचा. रात्री झोपेत त्यांचा श्वास जरा थांबल्यासारखा वाटला की मी दचकून उठायचे. अशी झोप होती माझी.

आमची मुलगी ठाण्याला, घोडबंदर रोडला राहते. एकुलती एक. रविवारी येते. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर ती आली ती ठरवूनच. म्हणाली, “आई, नाशिकला एका वायनरीत बुकिंग केलंय. शनिवार-रविवार. आता नाही म्हणू नको.” मी नाहीच म्हणाले. बाबांना गाडीत एवढा वेळ बसवायचं, परकी जागा, परका संडास, चार माणसं बघणार. ती म्हणाली, इथे बसून तरी काय होतंय? तिचं खरं होतं. तिने ह्यांना विचारलं, बाबा, येणार ना? त्यांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो अशी. मला तेव्हा आनंद झाला होता.

शनिवारी निघालो. शहापूर मागे पडलं तशी शेतं पिवळी व्हायला लागली, भात कापणीला आलेला होता. कसारा घाटात ह्यांनी काच खाली करायची खूण केली आणि तोंड वाऱ्यावर धरलं. मुलीने आरशातून मला डोळ्यांनी खुणावलं, बघ. मी बघतच होते.

ती जागा नाशिकच्या पलीकडे, धरणाच्या अंगाला होती. उतारावर द्राक्षबागा, मागे सागाचं रान आणि रानामागे डोंगर. मुलीला वाटलं होतं घोस लटकलेले असतील, फोटो काढू. पण ऑक्टोबर म्हणजे छाटणीचे दिवस. तारांवर नुसत्या काड्या पसरलेल्या, पानाचा पत्ता नाही, आणि खाली कापलेल्या फांद्यांचे ढीग. द्राक्षं आता जानेवारीनंतर, असं तिथल्या माणसाने सांगितलं. मुलगी हिरमुसली. मुंबई-ठाण्याकडची माणसं तरीही हातात ग्लास घेऊन त्या उघड्याबोडक्या बागेपुढे उभी राहून फोटो काढत होती. संध्याकाळी हे व्हरांड्यात बसले, पोटभर जेवले. मी त्या रात्री बरीच झोपले.

रविवारी सकाळी पाहुण्यांना चालायला नेणार होते. आधी बागांमधून, मग मागच्या रानातून टेकडीवरच्या देवळापर्यंत आणि परत. हे टेकडी चढणार नव्हतेच. बागेच्या शेवटच्या टोकाला एक मांडव होता, तिथवर जाऊन बसायचं असं ठरलं. मुलगी बाकीच्यांबरोबर पुढे गेली. मी जा म्हणाले, तिला कुठे फिरायला मिळतं? आम्ही दोघं मांडवात बसलो. ऊन तापायला लागलेलं. ह्यांनी पाणी पिताना शर्टवर सांडलं, हात अजून तेवढा साथ देत नाही. बाटली संपली म्हणून मी भरायला गेले. त्यांना सांगितलं, इथेच बसा, आलेच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हाताच्या पंजाने, जा, असं केलं.

परत आले तर बाक रिकामं.

पहिल्यांदा काही वाटलं नाही. आडोशाला गेले असतील म्हणून मी मांडवामागे पाहिलं. मग ओळींमधून पाहत गेले. ‘अहो’ म्हणून हाक मारली. लग्न झाल्यापासून मी त्यांना अहोच म्हणते. बागेत दोन-तीन नवरे होते, सगळ्यांनीच वळून पाहिलं. मी आणखी मोठ्याने हाक मारली. मग माझ्या लक्षात आलं की मी हाका मारते आहे पण ते ओ देऊ शकत नाहीत. पलीकडच्या ओळीत पडले असले तरी मला कळणार नाही. 

ऑफिसमधल्या मुलीला सांगितलं. ती फार गोड बोलली, काका असतील इथेच, तुम्ही बसा, पाणी घ्या. मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही. ती म्हणाली, हो का. मग तिने वॉचमनला बोलावलं. आठवड्याच्या शेवटी गर्दी असते म्हणून दोन दिवसांसाठी आणलेला माणूस होता तो. मी वर्णन सांगायला लागले, पांढरा शर्ट, काठी, पाय ओढतात. तो माझ्याकडे न बघता ऑफिसमधल्या मुलीकडे बघायला लागला.

“एक दारुडा होता,” तो म्हणाला. “शर्ट ओला, झोकांड्या खात वेलींतून चाललेला. नाव विचारलं तर धड बोलेना, एकच काहीतरी बडबडायचा. हाताला धरलं तर आईबहिणीवरून शिव्या घातल्या. मी मागच्या फाटकातून बाहेर काढला.”

 मला त्या माणसावर ओरडता आलं असतं, पण माझ्यात तेवढी ताकद नव्हती. मी त्याला फक्त विचारलं, ढकललं का? तो म्हणाला, नाही ताई, ढकललं नाही, दंडाला धरून सोडलं. त्याचाही चेहरा उतरला होता.

मागच्या फाटकाबाहेर कच्चा रस्ता होता. एका बाजूला दुसऱ्या कोणाच्या बागा, दुसऱ्या बाजूला ओढा आणि त्यापलीकडे रान. मुलीचा फोन लागत नव्हता, टेकडीवर रेंज नसावी. मी एकटीच निघाले. ऑफिसवाली मागून म्हणाली, थांबा, माणसं पाठवते. मी थांबले नाही.

थोडं पुढे एक शेततळं लागलं. मी आधी कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. मोठा खड्डा, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं, काठ तिरपे आणि गुळगुळीत. तारेचं कुंपण एका जागी वाकलेलं होतं. पाण्यात मधोमध काहीतरी पांढरं तरंगत होतं. मी त्या काठावर उभी राहिले. ते पांढरं हलत होतं, फुगलेलं होतं. किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. मला रडू आलं नाही, ओरडावंसंही वाटलं नाही. डोक्यात एवढंच आलं की मुलीला काय सांगू. मग वाऱ्याने ते फिरलं आणि त्यावरची छापील अक्षरं दिसली. खताची रिकामी गोणी होती. तेव्हा मात्र मी खाली बसले आणि तिथल्या मातीत हात खुपसून बसून राहिले, कारण काहीतरी धरायला हवं होतं.

बाजूच्या बागेत काही बायका काम करत होत्या, छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना, जिथून कोंब फुटतात तिथे, कसलंसं औषध लावत होत्या. त्यांना विचारलं. त्यातली एक म्हणाली, “तो पिलेला माणूस? ओढ्याकडं गेला ना.” मी म्हटलं, ते प्यायलेले नाहीत, आजारी आहेत. तिने हातातलं औषध खाली ठेवलं. मग म्हणाली, बाई, ऊन उतरायच्या आत शोधा, तिकडं बिबट्याचं येणंजाणं असतं.

ओढ्यात गुडघ्याखाली पाणी होतं. मी चपलांसकट उतरले. पलीकडच्या चिखलात काठी रोवल्याच्या खुणा दिसल्या आणि एक ओढलेली रेघ. उजव्या पायाची. घरातल्या फरशीवर रोज ऐकते ती फरफट. मी त्या रेघेमागून रानात शिरले. सागाची पानं वाळायला लागलेली, पाऊल पडलं की इतका आवाज व्हायचा की दुसरं काही ऐकू येईना. थांबायचं, कान द्यायचा, पुन्हा चालायचं. मग खडक लागला आणि खूण संपली.

तिथे मी त्यांच्या नावाने हाक मारली. उभ्या आयुष्यात मी त्यांचं नाव उखाण्याबाहेर घेतलेलं नव्हतं. त्या रानात मी नुसतं नाव घेत सुटले. शेवटी घसा बसला. मनात देवाला काय काय बोलले ते लिहायची सोय नाही. नवस मात्र केला नाही, नवस बोलण्याइतका विश्वास माझ्यात उरला नव्हता.

दुपार कलली असेल. मुलगी मला येऊन मिळाली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्याबरोबर वायनरीतली दोन माणसं होती. ते दोघं वरच्या अंगाने गेले, आम्ही दोघी ओढ्याच्या कडेने. तिने मला एकदाही विचारलं नाही की तू त्यांना सोडून का गेलीस. ती फक्त पुन्हा पुन्हा म्हणत होती, माझ्यामुळे झालं, मीच आणलं. गप्प राहा म्हणून मी तिचा हात दाबला. 

मलाच ते आधी दिसले. एका सागाला टेकून बसले होते, पाय पसरून. विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, एका पायातली चप्पल नाही, कोपर खरचटलेलं. डोळे उघडे होते. मी जिथून हाका मारल्या तो खडक त्यांच्यापासून इतका जवळ होता की त्यांना माझी प्रत्येक हाक ऐकू आली असणार.

मी धावत जाऊन त्यांच्यापुढे बसले. चेहरा चाचपला, हात चाचपले. त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, चला. त्यांनी मान हलवली, नाही. मला वाटलं दमलेत. मी पाणी पुढे केलं, त्यांनी बाटली बाजूला सारली. मग डावा हात उचलून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. नंतर आलो त्या वाटेकडे. नंतर स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आणि मग तोच हात शेजारच्या जमिनीवर आपटला.

तू जा. मी इथे.

थेरपीच्या बाई ज्यासाठी वर्षभर खपल्या, ते त्यांनी तिथे केलं. पूर्ण वाक्य, चूक नसलेलं. मुलगी माझ्या मागे उभी होती, तिलाही कळलं. मग मला कळलं, मुलीने नाशिकचं विचारल्यावर बराच वेळ बघून ते हो का म्हणाले होते. वॉचमनने त्यांना फाटकाबाहेर काढलं हे खरं. पण मांडवातून ते स्वतः उठून निघाले होते, आणि मला हाताने जा म्हणाले होते.

“मी कुठे जाऊ?” मी म्हटलं. “डोंबिवलीला जाऊन त्या घरात एकटी काय करू? तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसता, तरी तुम्ही आहात म्हणून मी उठते सकाळी. तुम्ही इथे बसणार असाल तर मीपण बसते.”

आणि मी बसले. हट्ट म्हणून नाही. मला खरंच उठवत नव्हतं. त्यांच्या शेजारी सागाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मुलगी आधी हलक्या आवाजात, मग ओरडून बोलली, बाबा, प्लीज उठा, आई, तू तरी उठ. मग तीही खाली बसली आणि लहानपणी रडायची तशी तोंड उघडं टाकून रडायला लागली. हे तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ते हलले नाहीत.

कोणीतरी येऊन आम्हाला उठवलं नसतं तर आम्ही तिघं तिथे अंधार पडेपर्यंत बसलो असतो, असं मला आजही वाटतं. रानातून एक पायवाट जात होती, तिच्यावरून शेजारच्या बागेचा एक शेतकरी मोटरसायकलवर आला. त्याला बायकांनी सांगितलं होतं. त्याने गाडी उभी केली, ह्यांच्याकडे पाहिलं आणि चांगुलपणानेच म्हणाला, “काय काका, जास्त झाली का?”

मुलगी सांगायला उठत होती. मी तिला थांबवलं. सकाळपासून मी इतक्या जणांना सांगितलं होतं की आता माझ्याच्याने ते परत म्हणवेना. मी म्हटलं, “हो. जरा जास्तच झाली.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं नाही, डोळे वटारून. वर्षातून एकदा कंपनीच्या पिकनिकला अर्धा ग्लास बिअर, एवढीच त्यांची मजल. मग त्या शेतकऱ्याकडे वळून त्यांनी अशी एक शिवी हासडली की वरच्या अंगाला गेलेली दोन माणसं तिथून धावत आली. आणि काठी रोवून ते रागाच्या भरात उठून उभे राहिले. मुलीने पटकन एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. शेतकरी बिचारा बाजूला झाला. पुढे रस्ताभर मी त्याची माफी मागत होते. तो म्हणाला, असू द्या मावशी, माझा बाप पण असाच होता. कसा, ते त्याने सांगितलं नाही.

आम्ही त्याच संध्याकाळी निघालो. वायनरीच्या मालकीणबाई येऊन वाईट वाटल्याचं सांगून गेल्या. घाटात ह्यांनी काच खाली केली नाही.  पडघ्याच्या पुढे मुलगी एवढंच म्हणाली की उद्या ती ऑफिसला जाणार नाही, बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय. मेंदूच्या नाही, मनाच्या.

ठाण्याला त्या डॉक्टरांकडे गेलो. मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी आम्हाला बाजूला बसवलं आणि ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, मी विचारते, हो असेल तर हात वर करा. वेळ घ्या. बरेच साधे प्रश्न विचारल्यावर त्यांनी तेवढ्याच साध्या आवाजात विचारलं, जगू नये असं वाटतं का? ह्यांनी हात वर केला. लगेच. जणू कधीपासून कोणीतरी विचारायची वाट बघत होते. आम्ही घरात जेवलात का, झोपलात का, सगळं विचारत होतो. हे कधीच विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती.

स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांना असं होतं, त्यावर औषध आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, आणि तुम्ही? मी म्हटलं, मी बरी आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुलीने माझा हात धरला. मी पुन्हा बरी आहे म्हणायला गेले आणि मला ते म्हणता आलं नाही. त्या दिवशी दोन चिठ्ठ्या घेऊन आम्ही बाहेर पडलो, त्यांची एक आणि माझी एक.

सगळं ठीक झालं असं नाही. गोळ्यांनी त्यांना आधी नुसतीच झोप यायची. पुन्हा एकदा कार्डं फेकली गेली. मी घराला आतून कुलूप लावायचे आणि किल्ली कमरेला, तर त्यावरूनही एक दिवस शिव्या झाल्या. पण थंडी संपता संपता खुर्ची भिंतीकडून हॉलकडे वळली. कोणी वळवली, केव्हा, मी बघितलं नाही.

आता ते सकाळी एकटे खाली उतरतात. सोसायटीच्या आवारात पाण्याच्या टाकीपासून गेटपर्यंत फेऱ्या मारतात. डॉक्टरांनी मला सांगितलंय, त्यांच्या मागे जायचं नाही. मी गॅलरीत उभी राहते. गेटपाशी ते पोचले की मी कठडा धरते, कारण तिथून रस्ता दिसतो आणि ते तिथे थोडा वेळ उभे राहतात. अजून तरी रोज परत फिरलेत. कधी वर बघतात, कधी बघत नाहीत. मी चहाचं आधण ठेवलेलं असतं, पण ते जिन्यात शिरेपर्यंत मी आत जात नाही.